बाळाच्या लसी : केव्हा आणि कशासाठी

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. आतापर्यंत या सभागृहात मी सतरंज्या घातल्या, तिळगूळ वाटला, चहाची भांडी विसळली. पण माईकसमोर कधी उभी राहिले नाही. तेव्हा बोलताना काही चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

मी काही फार शिकलेली बाई नव्हे. सातवी झाले आणि घरी बसले, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून कार्यकारिणीने हा विषय काढला तेव्हा मी म्हटले, "अहो, एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवा. माझा काय वकूब?" त्यावर अध्यक्षाबाई म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात तेव्हा आपण हो-हो म्हणतो आणि उंबरा ओलांडला की विसरतो. तुम्ही दोन मुलांच्या आई आहात. तुमच्या शब्दांत सांगा." मग मी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंकडे दोनदा जाऊन बसले, शंका विचारल्या आणि वहीत उतरवून घेतले. आज सांगते आहे ते त्या वहीतले आहे आणि थोडे माझ्या घरचे आहे. घरचे आधी सांगते.

माझे माहेर पाटण तालुक्यातले, डोंगरातले. १९८४ साली मी पाच वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण दोन वर्षांची. तिला आम्ही बेबी म्हणत असू. होळीच्या सुमारास वाडीत गोवर आला. एका घरातून दुसऱ्या घरात, असे करता करता आमच्याही घरी आला. आजीने दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले, बेबीला आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवले, घरात फोडणी बंद केली. औषध द्यायचे नाही, देवी कोपते, असा त्या वेळी समज होता. अंगभर पुरळ उठले, चार दिवसांनी मावळू लागले, आणि सगळ्यांना हायसे वाटले. तोच तिला धाप लागली. श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या. वडील आणि चुलते तिला घोंगडीत गुंडाळून खालच्या दवाखान्यात घेऊन निघाले, पण ते अर्ध्या वाटेवरूनच परत आले.

मी आजीला दोष देत नाही. तिला जे ठाऊक होते ते तिने जिवापाड केले. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात आली ती त्याच्या पुढच्या वर्षी, १९८५ साली. आणि तिथून जिल्ह्याजिल्ह्यातून पसरत गेली. माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, "एक वर्षाने चुकली गं." माझ्या आईच्या पदरी लसच नव्हती. माझ्या पदरी होती, आणि तरी माझ्या हातून काय झाले, ते पुढे सांगते.

आपल्यातल्या साठी-सत्तरीच्या बायकांच्या दंडावर दोन मोठे गोल व्रण दिसतात. माझ्या सासूबाईंच्या दंडावर आहेत. त्या देवीच्या लसीच्या खुणा. सासूबाई सांगतात, देवी काढणारा माणूस गावात आला की पोरे कणगीत लपून बसत. पण त्या टोचणीनेच देवीचा रोग गेला. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी सापडला तो १९७५ च्या मे महिन्यात, आणि १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. रोगच उरला नाही म्हणून ती लस बंद झाली. आज आपल्या मुलांना देवी काढाव्या लागत नाहीत, ते आपल्या सासवांनी दंड पुढे केले म्हणून.

दुसरी गोष्ट आपल्या सावित्रीबाईंची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईतच प्लेगवर लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. आणि त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. लस जन्माला आली होती, पण सर्वांपर्यंत पोचायची होती. आज तशी स्थिती नाही. आज लस आपल्या दाराशी येते, फुकट येते. आता अंतर राहिले आहे ते फक्त आपल्या घरापासून दवाखान्यापर्यंतचे.

आता मुख्य गोष्ट. बाळाला केव्हा काय देतात? सिस्टरबाईंनी मला हे लक्षात ठेवायची सोपी रीत सांगितली. आपली जुनी मोजणी आठवा : जन्म, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने, मग दीड वर्ष, मग पाच, दहा आणि सोळा वर्षे. एवढे पाठ झाले की अर्धे काम झाले.

त्याही आधी आईची लस. पोटात बाळ असताना आईला धनुर्वात आणि घटसर्पाची लस देतात, तिला टीडी म्हणतात. पहिली लवकरात लवकर आणि दुसरी त्यानंतर चार आठवड्यांनी. मागच्या बाळंतपणाला तीन वर्षे झालेली नसतील आणि तेव्हा दोन्ही घेतल्या असतील, तर एकच पुरते. पूर्वी विळ्याने नाळ कापायचे, नाळेला राख लावायचे, आणि आठवड्याभरात बाळ ताठ होऊन दूध ओढायचे बंद करायचे. आपल्या आजीला विचारा, तिने असे मूल पाहिलेले असेल. आईने लस घेतली की तिचे बळ पोटातल्या बाळाला मिळते. लसीमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे नवजात बाळांचा हा धनुर्वात आपल्या देशातून जवळजवळ हटला, आणि तसे २०१५ साली जाहीर झाले.

बाळ जन्मले की तीन गोष्टी. क्षयाविरुद्ध बीसीजी डाव्या दंडावर, पोलिओचे थेंब तोंडात, आणि कावीळ 'ब'ची लस मांडीत. ही काविळीची लस पहिल्या चोवीस तासांतच द्यायची असते, म्हणून दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी ती दिली का हे आठवणीने विचारा. बीसीजीच्या जागी दोन-चार आठवड्यांनी बारीक फोड येतो, तो फुटतो, आणि पुढे व्रण राहतो. त्यावर हळद, तेल, चुना काही लावू नका. ती लस लागू पडल्याची खूण आहे.

दीड महिन्याला पेंटा, म्हणजे पाच रोगांची एकच लस. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब', आणि हिब नावाच्या जंतूने होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर. पूर्वी यातल्या तीन रोगांची त्रिगुणी लस होती. आता पाचांची आहे. तिच्यासोबत पोलिओचे थेंब, पोलिओचे एक छोटे इंजेक्शन, जुलाबाच्या रोटाव्हायरसची लस तोंडातून, आणि न्यूमोनियाची लस, तिला पीसीव्ही म्हणतात. अडीच महिन्यांना पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा. साडेतीन महिन्यांना पुन्हा दीड महिन्याच्या वेळेचे सगळे.

मग मध्ये मोठी सुट्टी. साडेतीन महिन्यांनंतर थेट नववा महिना संपल्यावर. तेव्हा गोवर-रुबेलाची पहिली लस, न्यूमोनियाची तिसरी, पोलिओचे तिसरे इंजेक्शन, आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस.

या नवव्या महिन्यापाशी मला जरा थांबायचे आहे.

माझी थोरली मुलगी माहेरी झाली. तिच्या वेळी आई होती. आईने एकही तारीख चुकवली नाही. उन्हातान्हात नात खांद्यावर टाकून ती दवाखान्यात जायची. धाकटा २००४ च्या श्रावणात झाला तेव्हा आई नव्हती. साडेतीन महिन्यांच्या त्रिगुणी लसीनंतर त्याला सणसणून ताप आला. मांडीला लिंबाएवढी गाठ आली. रात्रभर रडला. सासूबाई म्हणाल्या, "पुरे झाले आता टोचणे." त्या मायेने म्हणाल्या, आणि मलाही ते हवेच होते. मी कार्ड ट्रंकेत टाकले आणि तीन डोस झाले म्हणजे सगळे झाले, अशी मनाची समजूत करून घेतली.

नवव्या महिन्यात, म्हणजे २००५ च्या मे महिन्यात, नणंदेचे लग्न निघाले. नर्सबाईंचा निरोप एकदा आला, दुसऱ्यांदा आला. मी म्हटले, लग्नघर आहे, पोराला ताप आला तर कोण बघणार? लग्न झाले. मग पाऊस, मग गणपती, मग दिवाळी. पुढे पुढे निरोपाचीही आठवण राहिली नाही. ज्या बाईची सख्खी बहीण गोवराने गेली, तिने गोवराचीच लस चुकवली. याला अडाणीपणा म्हणावे की हयगय, ते मला आजही सांगता येत नाही.

२००६ ची संक्रांत. शेजारी एका बाळाचे बोरन्हाण होते. आळीतली सगळी मुले जमली. बोरे, चुरमुरे, गोळ्या, उसाचे करवे वेचायला ही झुंबड. त्यात पाहुण्यांचे एक मूल होते. त्याचे नाक वाहत होते, डोळे लाल होते, अंग कोमट होते. सर्दी असेल असे सर्वांना वाटले, त्याच्या आईलाही. दोन दिवसांनी त्याला गोवर निघाल्याचे कळले. सिस्टरबाईंनी आता मला समजावले की गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो, आणि रोगी खोलीतून निघून गेला तरी त्याचे विष दोन तासांपर्यंत हवेत राहते. म्हणून त्या माउलीचाही दोष नव्हता. तिला कळणार कसे?

अकराव्या दिवशी माझ्या मुलाला ताप भरला. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ दिसले आणि तोंडावरून खाली उतरत गेले. मग धाप लागली. बरगड्या आत जाऊ लागल्या, आणि भगिनींनो, मला ते दृश्य ओळखीचे होते. मी चप्पलसुद्धा घातली नाही. आमचे हे कामावर होते. मी तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोवराचे टोचले होते का?" मी खाली बघितले. नऊ दिवस आम्ही तिथे होतो. त्यांनी 'अ' जीवनसत्त्व दिले, नळीने प्राणवायू दिला, सुया दिल्या. पोर वाचले. पण दोन्ही कान फुटले होते. उजवा बरा झाला. डावा पुष्कळ दिवस वाहत राहिला.

पुढे शाळेत बाईंनी तक्रार केली की हा लक्ष देत नाही, हाक मारली तरी बघत नाही. मी त्याला दोनदा मारलेसुद्धा. मग तपासणीत कळले की डाव्या कानाने त्याला फार कमी ऐकू येते. आता तो विशी ओलांडलेला आहे, नोकरीला लागला आहे, कोणाला पटकन कळतही नाही. पण जेवायला वाढताना मी डाव्या बाजूने काही बोलले की तो मान वळवून म्हणतो, "आई, या बाजूने बोल." तो काही टोमणा मारत नाही. साधेपणाने म्हणतो. पण माझ्या हातातली पळी थांबते.

आज हे सर्वांसमोर सांगू का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "सांग. कोणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून सांगितले.

आता पुढे जाऊ. नऊ महिन्यांनी कार्ड संपत नाही. दीड वर्षाच्या सुमारास, म्हणजे सोळा ते चोवीस महिन्यांत, गोवर-रुबेलाची दुसरी लस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचे थेंब. काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराचीही लस नऊ महिन्यांना आणि दीड वर्षाला देतात. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस तिथून दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण नऊ वेळा. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणीचा दुसरा बूस्टर. आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी. तुमचे मूल पाचवीत किंवा दहावी-अकरावीत असेल तर आज घरी गेल्यावर कार्ड काढून बघा.

मागच्या महिन्यात आम्ही चौघीजणी आळीतली कार्डे पाहायला फिरलो. जन्माच्या रकान्यात सगळीकडे तारखा होत्या. साडेतीन महिन्यांपर्यंतही बहुतेक ठिकाणी होत्या. रिकामे रकाने सापडले ते नऊ महिन्यांचे, आणि त्याहून जास्त दीड वर्षाचे. म्हणजे माझ्यासारख्या आया अजून आहेत. बाळ चालायला लागते, बोलायला लागते, आणि आपल्याला वाटते, आता कसले टोचणे.

पुष्कळजणींनी मला विचारले, एकच लस पुन्हा पुन्हा कशाला? त्याचे उत्तर असे. जमीन सारवताना एका हाताने भागते का? पहिला हात मातीत जिरतो, दुसऱ्याने जमीन बसते, तिसऱ्याने गुळगुळीत होते, आणि पुढेही सणासुदीला पुन्हा एक हात मारावाच लागतो. शरीराचेही तसेच आहे. पहिल्या डोसाने शरीराला रोगाची ओळख होते, दुसऱ्या-तिसऱ्याने ती पक्की होते, आणि बूस्टरने उजळणी होते. गोवराचेच बघा. नऊ महिन्यांना एक लस दिली तर शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी मुलांना ती लागू पडते. उरलेल्या पंधरांना टोचूनही संरक्षण मिळालेले नसते, आणि ती मुले कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. तुमचे त्यात असेल, माझे असेल. म्हणून दुसरी लस. ती या राहिलेल्यांना पदरात घेते.

मग नऊ महिने थांबायचे कशाला, आधीच का देत नाहीत? तर आईकडून आलेले बळ पहिले काही महिने बाळाच्या अंगात असते. ते असेपर्यंत ही लस नीट लागू पडत नाही. ते ओसरले की लस द्यायची. आणि हेही ध्यानात घ्या, की ते ओसरल्यापासून लस मिळेपर्यंत बाळ उघडे असते. त्या दिवसांत त्याचे रक्षण आजूबाजूची मोठी मुले करतात, ती टोचलेली असतील तर. माझ्या मुलाचे टोचले असते तर ते फक्त त्याच्याच कामी आले नसते.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मुले दगावली. भिवंडी-मालेगावकडेही ती पसरली. करोनाच्या काळात कितीतरी मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या. तेव्हा गोवर हा आजीच्या काळातला रोग, असे कोणी म्हणू नये.

आता नेहमीच्या शंका.

पहिली शंका तापाची. पेंटा आणि त्रिगुणीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, गाठ येते. शरीर लसीशी ओळख करून घेत असते, त्याची ती खूण. सिस्टरबाई तापाचे औषध देतात, ते त्या सांगतील त्या मापाने द्यावे. गाठीवर थंड पाण्याची घडी ठेवावी, चोळू नये, शेकू नये. बाळाला अंगावर पाजत राहावे. पण ताप फार चढला, झटके आले, किंवा बाळ सुस्त पडले, तर वाट न बघता दवाखान्यात न्यावे. आणि पुढच्या वेळी ते सिस्टरना आधी सांगावे.

दुसरी शंका. बाळाला सर्दी-खोकला आहे, टोचू का? साध्या सर्दीला, थोड्या कणकणीला लस अडत नाही. फार आजारी असेल तर डॉक्टर ठरवतील. पण ठरवायचे त्यांनी, आपण घरी बसून नव्हे.

तिसरी. एकाच दिवशी दोन-तीन सुया चालतात का? चालतात. एका वेळी दिल्याने लसीचा गुण कमी होत नाही, आणि बाळाची एक फेरी वाचते.

चौथी. पोलिओ गेला ना, मग थेंब कशाला? आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पण शेजारच्या देशांत तो अजून आहे, आणि रोगाला पासपोर्ट लागत नाही. देवीसारखा तो साऱ्या जगातून जाईपर्यंत थेंब द्यायचेच.

पाचवी. फुकटची लस हलकी असते का? नाही. लस कारखान्यापासून बाळापर्यंत दोन ते आठ अंश थंडाव्यात जपून आणतात. बाटलीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन असतो. आतला चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागून तो गोलाइतका गडद झाला तर ती बाटली टाकून देतात. तुम्ही मागितले तर सिस्टर दाखवतात, मी बघितले आहे. आणि बीसीजी व गोवराची लस कोरडी पूड असते. ती कालवल्यावर चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकतात. म्हणून लसीच्या दिवशी सकाळीच जावे, बारा वाजता धावत जाऊन 'आता या' म्हटल्यावर रागावू नये.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. आणि उठण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : आज कोणती लस दिली आणि ती कशावर, पुढे केव्हा यायचे, घरी गेल्यावर काय होऊ शकते आणि काय करायचे, आणि कार्डावर नोंद झाली का. हल्ली मोबाईलवरही नोंद होते, पण कार्ड जपाच. लग्नाच्या पत्रिकेप्रमाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. माझ्यासारखे ट्रंकेच्या तळाशी नको.

आता ज्यांचे चुकले आहे त्यांच्यासाठी. ही गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितली असती तर फार बरे झाले असते. तारीख चुकली म्हणजे सगळे वाया गेले असे नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. बीसीजी वर्षापर्यंत देतात. पेंटा वर्षाच्या आत सुरू करता येते. वर्ष उलटून गेले तर सात वर्षांपर्यंत त्रिगुणी देतात. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. माझ्या मुलाच्या मे महिन्याची लस जूनमध्ये, दसऱ्याला, अगदी दिवाळीच्या आधीसुद्धा देता आली असती. मला वाटले, आता गेलो तर नर्सबाई बोलतील. त्या भिडेपायी मी गेले नाही. तेव्हा कोणी बोलले तर ऐकून घ्या. बाईच्या जातीला बोलणी काही नवी नाहीत. दोन शब्द ऐकून लस मिळत असेल तर सौदा स्वस्त आहे.

शेवटी मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. एक, प्रत्येकीने आपल्या डाव्या-उजव्या शेजारच्या घरातली कार्डे बघावी, आणि रिकामा रकाना दिसला तर त्या बाईला नुसते सांगू नये, तिच्यासोबत जावे. घरात दुसरे मूल असेल तर ते तासभर आपल्याकडे ठेवून घ्यावे. मला त्या वेळी कोणी म्हटले असते, "चल गं, मी येते बरोबर," तर मी गेले असते.

दुसरी गोष्ट ऊसतोडीच्या टोळ्यांची. दिवाळीच्या सुमारास बीडकडची माणसे आपल्या भागात येतात, फडाशेजारी खोपी घालून राहतात, आणि उन्हाळा लागताना परत जातात. त्यांच्या मुलांची एक लस तिकडे होते, दुसरीची वेळ इकडे येते, आणि तिसरी राहून जाते. लस घ्यायला गावचा राहिवासी असावे लागत नाही. कोणत्याही सरकारी दवाखान्यात ती मिळते. त्या बायकांना हे ठाऊक नसते, आणि एका दिवसाची मजुरी बुडवणे त्यांना परवडत नाही. आपल्यापैकी तीन-चारजणींनी आशाताईंबरोबर खोपीवर जाऊन मुलांची यादी केली तर लस तिथेच नेता येईल, असे सिस्टरबाई म्हणाल्या आहेत. मी माझे नाव पहिले देते.

माझ्या आईला एक वर्ष उशीर झाला, तो तिच्या हातात नव्हता. माझा उशीर माझ्या हातात होता. तुमचा अजून झालेला नाही. घरी गेल्यावर हळदीकुंकवाचे वाण जागेवर ठेवाल, त्याच हाताने कार्ड काढून बघा, एवढेच माझे मागणे आहे.

 तिळगूळ घ्या, गोड बोला.